शंभर सीसीची रेघ

महाविद्यालयाच्या वाहनतळावरून जाताना आम्हा मराठीच्या मास्तरांच्या कानावर एक गोष्ट नेहमी पडते. विद्यार्थी गाडीचे नाव फारसे घेत नाहीत, आकडा सांगतात. दीडशे, दोनशेवीस, साडेतीनशे. सीसी म्हणजे घनसेंटिमीटर. सिलिंडरमधला दट्ट्या एका फेऱ्यात जेवढी जागा व्यापतो, तिचे माप. या कोरड्या मापाला पौरुषाचा आणि पतीचा अर्थ केव्हा चिकटला, याचा थोडा शोध घ्यावा असे आम्हांस वाटले.

अमेरिकेत हाच आकडा घनइंचांत मोजत. तेथील स्टॉक कार शर्यतींत कंपन्यांचे युद्धच जुंपले होते. रविवारी शर्यत जिंकावी आणि सोमवारी दुकानात गाडी विकावी, हे त्या युद्धाचे सूत्र. १९६४ साली क्रायस्लरने ४२६ घनइंचांचे, म्हणजे सुमारे सात लिटरचे, 'हेमी' इंजिन उतरवले आणि रिचर्ड पेटीने प्लिमथ गाडीतून डेटोनाची शर्यत जिंकली. पुढच्याच हंगामात नासकार या नियामक संस्थेने नियम बदलून ते इंजिन रोखले. क्रायस्लरने बहिष्कार घातला, आणि १९६६ मध्ये तेच इंजिन सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या गाडीत बसवून विकायला काढले. १९७४ मध्ये मर्यादा ३५८ घनइंचांवर आली. तात्पर्य एवढेच की, इंजिनाचा आकार केवळ अभियंता ठरवीत नाही. नियमाचे पुस्तकही ठरवते.

आमच्याकडे शर्यतीचे मैदान नव्हते. मद्रासजवळच्या शोलावरमला जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, पण परभणीच्या माणसाला ते नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आमची शर्यत नंबर लावण्याची होती. बजाज ऑटोचा इटलीच्या पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला, आणि १९७२ मध्ये सुमारे १४५ सीसीची 'चेतक' आली. उत्पादन किती करायचे हेही सरकारी परवान्यावर ठरत असल्याने चेतकसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्याच १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिकने ५० सीसीची 'लूना' आणली. गंमत अशी की, तीही पियाजिओच्याच 'चाओ' या मोपेडच्या धर्तीवर घडलेली. पुण्यातील बजाज आणि फिरोदिया ही एकेकाळची भागीदार घराणी. पुढे त्यांचे फाटले आणि ती बाजारात समोरासमोर उभी राहिली. लूनाला उत्तर म्हणून बजाजने १९८१ मध्ये 'एम-५०' काढली. एकाच मापाची ही दोन उत्तरे होती. ५० सीसीच्या आकड्याला पुढे कायद्यातही जागा मिळाली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तेवढ्या क्षमतेपर्यंतची मोटारसायकल सोळाव्या वर्षी चालवण्याची मुभा दिली.

खरी रेघ मात्र १९८० च्या दशकाच्या आरंभी ओढली गेली. परदेशी कंपन्यांशी सहकार्य करायचे, पण शंभर सीसीपर्यंतच्याच दुचाकींसाठी, असे सरकारने ठरवले. सुझुकीची एएक्स-१००, यामाहाची आरएक्स-१००, हीरो होंडाची सीडी-१००, कावासाकी-बजाजची केबी-१००, आणि ९८ सीसीची कायनेटिक होंडा. या साऱ्या एकाच मापाच्या का, याचे उत्तर जपानी प्रयोगशाळेत नाही, दिल्लीच्या फायलीत आहे. तिकडे नियमाने वरून छाटले, इकडे नियमाने वरून झाकले. मग एकाच मापात चढाओढ कशाची? यामाहाने वेग विकला. १९८५ मध्ये आलेल्या हीरो होंडाने चार फटक्यांचे ९७ सीसीचे इंजिन देऊन 'ॲव्हरेज' विकले. पेट्रोल जपून भरणाऱ्या मराठवाड्याने काय निवडले असेल, हे सांगायला नको. २००१ पर्यंत हीरो होंडा ही जगातील सर्वाधिक दुचाकी बनवणारी कंपनी झाली होती. त्याच वर्षी बजाजने दीडशे आणि एकशे ऐंशी सीसीची 'पल्सर' आणली आणि शंभराची रेघ मनातूनही पुसली गेली. २००९ मध्ये तर बजाजने स्कूटर बनवणे सोडत असल्याचे जाहीर केले.

१९८५ मध्ये औरंगाबादेजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि मराठवाड्यातील पोरांसाठी ही गाडी 'कुठे तरी बनणारी वस्तू' उरली नाही. पण गावात ती शिरली ती मुख्यतः लग्नाच्या याद्यांतून, हे आम्ही लपवून कशाला ठेवावे? आमच्या लहानपणी शिक्षकाला लूना, कारकुनाला स्कूटर, बागायतदाराच्या मुलाला राजदूत आणि पाटलाच्या मुलाला बुलेट, अशी उतरंड बोहल्यावर उघडपणे बोलली जाई. हुंडाप्रतिबंधक कायदा १९६१ चा. तो पाळला जात नव्हता, पण सीसीची उतरंड मात्र काटेकोर पाळली जाई. सरकारने शंभरावर ओढलेल्या रेघेचा फायदा असा की, काही वर्षे तरी वधुपित्याच्या खिशालाही एक मर्यादा होती. ती उठताच मागणीही उठली. सैलावलेल्या परवान्यांचे गोडवे गाताना ही किंमत कोणी मांडत नाही.

आज चेतक आणि लूना दोन्ही विजेवर परतल्या आहेत. चेतक २०२० मध्ये, लूना २०२४ मध्ये. त्यांना सीसी नाही. दट्ट्याच नाही, तर माप कसले? नवा आकडा किलोवॅटचा आहे, आणि याद्यांना तो शिकायला फार वेळ लागणार नाही, अशी आमची भीती आहे. वर्गात बसलेल्या मुलींनी तरी आकडा विचारणाऱ्याला आधी हा इतिहास विचारावा.