‘हम दोनो’ : एका विस्मृत ध्वनिमुद्रिकेची कथा

पूर्व आणि पश्चिम यांच्या संगीतसंगमाची गोष्ट निघाली की आपल्या डोळ्यांपुढे पंडित रविशंकर उभे राहतात. १९६७ साली माँटेरे आणि १९६९ साली वूडस्टॉक येथील महोत्सवांत त्यांची सतार वाजली आणि जगभरच्या तरुणाईला भारतीय रागांची ओळख झाली. हे श्रेय त्यांचेच आहे. परंतु त्याच काळात लंडनमध्ये मुंबईत जन्मलेला एक गोवेकर गिटारवादक हाच संगम निराळ्या वाटेने साधत होता. त्याचे नाव अमान्सियो डिसिल्वा. आपल्या ख्रिस्ती समाजातही हे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही.

गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांमध्ये पोर्तुगीज काळापासून मुलांना स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकवले जाई. उपासनेला गायकवृंद हवा, हा त्यामागचा साधा हेतू होता. पण या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या वादक घडवले आणि पोटापाण्यासाठी ते मुंबईला आले. हॉटेलांतील बँड आणि पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद यांचा मोठा भार त्यांनीच वाहिला. याच समाजात १९३६ साली डिसिल्वा यांचा जन्म मुंबईत झाला. जॅझचे गिटारवादक म्हणून त्यांनी नाव मिळवले. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी त्यांच्या चाहत्या होत्या. ‘महाराणी’ आणि ‘जयपूर’ या त्यांच्या रचनांची नावे त्या आश्रयाची आठवण देतात. १९६७ साली ते कुटुंबासह लंडनला गेले.

तेथे त्यांना जो हॅरियट हा जोडीदार भेटला. हॅरियट यांचा जन्म १९२८ साली जमैकात झाला. किंग्स्टन येथील अल्फा बॉइज स्कूलमध्ये ते वाढले. ही शाळा ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ या कॅथलिक संघाच्या धर्मभगिनी चालवीत. अनाथ आणि निराधार मुलांच्या हाती तेथे वाद्ये दिली जात. या शाळेच्या बँडमधून जमैकाचे कितीतरी नामवंत वादक बाहेर पडले. सिस्टर इग्नेशियस यांनी अनेक वर्षे या मुलांच्या संगीताची काळजी वाहिली. त्यांच्याजवळ ध्वनिमुद्रिकांचा मोठा संग्रह होता. हॅरियट १९५१ साली इंग्लंडला आले आणि तेथील श्रेष्ठ सॅक्सोफोनवादकांत गणले जाऊ लागले. १९६६ साली त्यांनी कलकत्त्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर यांच्यासह भारतीय संगीत आणि जॅझ यांचा मेळ घालणारी ध्वनिमुद्रिका काढली. तीत तबल्याची साथ मुंबईच्या केशव साठे यांची होती.

मेयर यांनी भारतीय वादकांचा आणि जॅझवादकांचा असे दोन संच शेजारी शेजारी बसवले होते. डिसिल्वा यांनी वेगळा मार्ग धरला. १९६९ साली ‘हम दोनो’ ही त्यांची व हॅरियट यांची संयुक्त ध्वनिमुद्रिका निघाली. तीत सतार नाही, तबलाही नाही. भारत आहे तो गिटारच्या तारांत. एका स्थिर आधारस्वरावर सुरावट हळूहळू उलगडत जाते आणि सॅक्सोफोन तिला उत्तर देतो. नॉर्मा विन्स्टन या गायिकेचा आवाज शब्दांवाचून, एखाद्या वाद्यासारखा, त्यात मिसळतो. ‘गोव्यासाठी गीत’ अशा अर्थाचे नाव असलेली एक रचना तीत आहे. धर्मग्रामाच्या संगीतपरंपरेतून आलेल्या समाजाचा एक पुत्र आणि धर्मभगिनींच्या शाळेतला एक विद्यार्थी, दोघेही परक्या देशात, असे एकत्र आले. या मुद्रिकेला ‘हम दोनो’ याहून समर्पक नाव कोणते असते?

या काळाचा आपल्या उपासनेशीही धागा जुळतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान मिळावे, असे त्यात सांगितले होते. पुढच्या वर्षांत आपल्या चर्चमध्ये मराठी गीते आली, पेटी-तबला आला. दोन परंपरांना एकमेकींचा मान राखत एकत्र कसे गाता येईल, हा प्रश्न आपल्या गायकवृंदांपुढे होता आणि लंडनच्या त्या स्टुडिओतही होता.

मात्र ‘हम दोनो’ फार थोड्यांच्या कानी पडली. श्रोते रॉक संगीताकडे वळले होते. दुकानदाराला ही मुद्रिका जॅझच्या फळीवर ठेवावी की भारतीय संगीताच्या, हेही कळेना. १९७२ साली ‘कॉस्मिक आय’ या नावाने डिसिल्वा यांनी आणखी धाडसी प्रयोग केला. तोही मागे पडला. २ जानेवारी १९७३ रोजी हॅरियट वारले, तेव्हा ते अवघे ४४ वर्षांचे होते. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी डिसिल्वा यांनी ‘कोकण डान्स’ ध्वनिमुद्रित केले, पण ते प्रसिद्ध झालेच नाही. पुढे ते गिटार शिकवत राहिले आणि १९९६ साली निवर्तले. ‘कोकण डान्स’ लोकांपुढे आले ते २००६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. दरम्यान जुन्या मुद्रिका धुंडाळणाऱ्या इंग्रज संग्राहकांनी ‘हम दोनो’ला दुर्मीळ ठेवा ठरवले होते.

परक्यांनी आपले माणूस शोधून काढले, याचा आनंद मानावा, पण त्यात लपलेला बोधही घ्यावा. ध्वनिमुद्रिका निदान टिकून राहते. कोणीतरी ती पुन्हा वाजवतो. आपल्या धर्मग्रामांतील ज्या गायनशिक्षकांनी आणि बँडवाल्यांनी आयुष्यभर संगीताची सेवा केली, त्यांचे काय राहिले आहे? हाताने लिहिलेल्या स्वरलिपीच्या वह्या, जुन्या कॅसेट, सणाच्या मिरवणुकीतील छायाचित्रे, एवढाच त्यांचा इतिहास. आणि घराची साफसफाई निघाली की प्रथम तोच रद्दीत जातो. त्या वह्यांवर नाव आणि साल लिहून ठेवणे, जे वृद्ध वादक आज आपल्यात आहेत त्यांच्या आठवणी टिपून घेणे, हे काम कोणत्याही धर्मग्रामाला जमण्यासारखे आहे. ते करण्यासाठी लंडनहून कोणी यायचे नाही.