घरभर एकच आवाज

नवे घर बांधायला काढले की वायरमन येतो आणि पेन्सिलीने भिंतीवर खुणा करत विचारतो, पंखा कुठे, बटण कुठे, इन्व्हर्टर कुठे. अलीकडे त्याच्या यादीत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. ‘घरभर स्पीकर घालायचे काय?’ तळेऱ्यात गोव्याकडे जाणारा रस्ता, कोल्हापूरकडे जाणारा रस्ता आणि विजयदुर्गाचा रस्ता एकत्र येतात. या रस्त्यांच्या आजूबाजूला मुंबईत आणि आखातात नोकरी करणाऱ्यांची नवी घरे उभी राहतात आणि त्यांत ही हौस दिसू लागली आहे. एक अँप्लिफायर घ्यायचा आणि त्याच्या तारा ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत न्यायच्या. हौस नवी वाटते. तिचा इतिहास मात्र जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे, आणि तो माहीत असला तर अँप्लिफायर निवडणे सोपे जाते, असा माझा अनुभव आहे.

१८८१ साली पॅरिसमध्ये विजेचे मोठे प्रदर्शन भरले होते. क्लेमां अदेर या फ्रेंच अभियंत्याने तिथल्या ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनची यंत्रे बसवली आणि तारांवरून ते गाणे प्रदर्शनाच्या दालनात आणले. लोक दोन्ही कानांना दोन नळ्या लावून ऐकत. पुढे वर्गणी भरणाऱ्यांच्या घरीही ही सोय झाली. पण जो कान लावील त्यालाच ऐकू येई. शेजारच्या खुर्चीवरच्याला काही कळत नसे. आवाज दूर नेता येत होता, मोठा करता येत नव्हता.

तो मोठा करायचा मार्ग सापडला अमेरिकेत ली डी फॉरेस्टने १९०६ साली केलेल्या तीन टोकांच्या काचेच्या नळीमुळे. तिला आपण पुढे व्हॉल्व्ह म्हणू लागलो. क्षीण विद्युतलहर एका टोकाला द्यावी आणि दुसरीकडून तीच बलवान होऊन निघावी, ही अँप्लिफायरची मूळ कल्पना. १९१९ साली सॅन डिएगो शहरात अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन कर्ण्यांतून हजारो लोकांसमोर बोलले. माणसाचा आवाज त्याच्या छातीच्या बळावर अवलंबून राहिला नाही.

आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे रेडिओ केंद्र व्हाइसरॉय आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. ती खासगी कंपनी फार काळ टिकली नाही. सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले. त्याच सुमारास शिकागो रेडिओचे कर्णे काँग्रेसच्या सभांतून दिसू लागले. नाव शिकागो, पण पेढी मुंबईच्या मोटवाने कुटुंबाची. १९४२च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. त्याला यंत्रसामग्री पुरवल्याचा आरोप नानिक मोटवाने यांच्यावर आला. ते खटल्यातून सुटले. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. आवाज मोठा करणारे यंत्र कुणाच्या हातात आहे, याची सरकारला किती धास्ती असते ते त्या खटल्यात दिसते.

एका यंत्रावरून अनेक घरांत तारा न्यायची कल्पना इंग्लंडमध्ये १९२५च्या सुमारास पुढे आली. साउथॅम्प्टनजवळच्या हाइथ गावात मॅटन नावाच्या गृहस्थाने आपल्या रेडिओवरून शेजाऱ्यांच्या घरी तारा ओढल्या. शेजाऱ्याने स्पीकर तेवढा घ्यायचा, रेडिओची खटपट नको. सोविएत रशियात हीच पद्धत सरकारने घरोघर नेली. भिंतीवरच्या स्पीकरमधून एकच कार्यक्रम येई. ऐकणाऱ्याला केंद्र बदलता येत नसे, फार तर आवाज कमी करता येई. लेनिनग्राडला १९४१ ते १९४४ असा सुमारे ९०० दिवस जर्मन वेढा पडला, तेव्हा कार्यक्रम नसताना या स्पीकरमधून मेट्रोनोमची टिकटिक ऐकवली जाई. संथ टिकटिक म्हणजे धोका नाही, जलद टिकटिक म्हणजे विमाने आली. शहर अजून जिवंत आहे, याची ती खूण होती. घरभर एकच आवाज कधी जाच असतो आणि कधी आधार, हे या एका गोष्टीत दोन्ही बाजूंनी कळते.

महाराष्ट्रात आधाराची बाजू अधिक दिसली. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले. १९५५-५६ मध्ये तिथून ‘गीतरामायण’ दर आठवड्याला प्रसारित होऊ लागले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते, संगीत सुधीर फडके यांचे. ज्या घरी रेडिओ, त्या घरी आळी गोळा व्हायची. त्यात कोण कुठल्या धर्माचा हे कुणी विचारत नसे, असे आमच्या वडीलधाऱ्यांकडून मी ऐकले आहे. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत रेडिओ मंडळे स्थापन केली. गावकऱ्यांनी आठवड्यातून दोनदा सार्वजनिक रेडिओसमोर बसायचे, अर्ध्या तासाचा शेतीचा कार्यक्रम ऐकायचा आणि मग तो बंद करून आपसांत बोलायचे. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्याचे सूत्र होते. या प्रयोगातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ते बटण बंद करणे. यंत्र गप्प झाल्यावर माणसे बोलू लागत.

पुढे ट्रान्झिस्टर आला. रेडिओला तापायला वेळ लागेना, विजेची तार लागेना. तो गुराख्याच्या खांद्याला लटकून रानात गेला. मग आखाताची वाट खुली झाली आणि आमच्या कोकणातल्या मुसलमान वाड्यांतून टू-इन-वन आले. त्या काळी पत्राऐवजी कॅसेट पाठवण्याची चाल पडली होती. कुवेतला किंवा दुबईला असलेला मुलगा खोलीत बसून कॅसेट भरायचा आणि गावी येणाऱ्याच्या हाती द्यायचा. इकडे ती माजघरात लागायची. आई, वडील, चुलते, पोरेसोरे सगळी भोवती. त्या मुलाची बायको दाराआड उभी राहून ऐकायची. नवऱ्याचा आवाज वर्षाने कानी पडायचा, तोही सगळ्यांच्या देखत. तिच्यासाठी वेगळे दोन शब्द त्याला बोलता येत नसत आणि बोलला तर तिला मान वर करता येत नसे. यंत्र एक, स्पीकर एक, आणि बटणाजवळ बसलेले घरातले सर्वांत मोठे माणूस. मी हे लहानपणी पाहिले आहे. कवितेत ते मला अजून नीट मांडता आलेले नाही.

म्हणून घरभर आवाज खेळवायचा तर पहिला विचार यंत्राचा करू नये, बटणाचा करावा. प्रत्येक खोलीत आवाज कमी-जास्त करायचे आणि पूर्ण बंद करायचे बटण हवे. ते भिंतीच्या आत तार घालतानाच ठरते. चिऱ्याच्या भिंतीला गिलावा झाल्यावर पुन्हा खाचे पाडणे म्हणजे पैशांची आणि भिंतीची नासाडी.

आता यंत्र. घरातला साधा स्टिरिओ अँप्लिफायर दोन स्पीकरांसाठी केलेला असतो. स्पीकरवर ओहमचा आकडा असतो, बहुधा ८. असे चार स्पीकर एकाच जोडणीवर समांतर लावले तर यंत्राला मिळतात फक्त २ ओहम. ओहम जितके कमी तितका प्रवाह जास्त. यंत्र तापते आणि जळते. शिवाय तार लांब गेली की आवाजाची ताकद तारेतच विरते.

यावर जुना तोडगा आहे १०० व्होल्टच्या लाइनचा. दूरच्या गावी वीज नेताना दाब वाढवून नेतात आणि गावाजवळ ट्रान्सफॉर्मरवर उतरवतात, तसेच हे. अँप्लिफायर दाब वाढवून आवाज तारेवर सोडतो आणि प्रत्येक स्पीकरला जोडलेला लहान ट्रान्सफॉर्मर तो उतरवून घेतो. रेल्वेचे फलाट, शाळा, मशिदी, देवळे यांचे कर्णे याच रीतीने चालतात. दिल्लीत १९४० साली सुरू झालेल्या अहुजा कंपनीची यंत्रे मांडववाल्यांकडे असतात, त्यांच्या मागच्या बाजूला ‘१०० व्होल्ट’ असे लिहिलेली जोडणी सापडेल.

या पद्धतीत हिशेब बेरजेचा आहे. ओटीला १० वॉट, माजघर, स्वयंपाकघर आणि पडवीला ५-५, निजायच्या दोन खोल्यांना ३-३. एकूण ३१ वॉट. त्यावर पाचवा हिस्सा मोकळा ठेवायचा म्हणजे ३७ होतात. चाळीस वॉटचे यंत्र पुरेसे झाले. दुकानात अडीचशेचे दाखवतात. ते लग्नाच्या मांडवाला ठीक आहे. चिऱ्याच्या आणि गिलाव्याच्या उघड्या भिंतींत मोठा आवाज घुमतो आणि शब्द कळत नाहीत. जवळ जवळ लावलेले अनेक स्पीकर हळू वाजवावेत, शब्द स्वच्छ येतात. निव्वळ गाण्यासाठी, तेही उत्तम प्रतीचे हवे असेल तर ओटीवर वेगळा स्टिरिओ ठेवावा, कारण स्वस्त ट्रान्सफॉर्मर खर्जातले सूर खातात.

आणखी तीन गोष्टी. १०० व्होल्टच्या तारेचा झटका बसू शकतो, तेव्हा ती उघडी ठेवू नये आणि घरच्या विजेच्या तारेपासून वेगळ्या नळीतून न्यावी. यंत्राला अर्थिंग असावे, आणि वळवाच्या विजा चमकू लागल्या की प्लग काढून ठेवावा. यंत्र बंद कपाटात कोंबू नये. आमच्या पावसाळी हवेत त्याला खेळती हवा लागते, मात्र जाळीआडून, नाहीतर मुंग्या आणि पाली त्यात घर करतात.

आज घरात प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे, कानात स्वतःचा आवाज आहे. दाराआड उभे राहून ऐकण्याची वेळ कुणावर येत नाही, हे चांगलेच झाले. पण मागच्या खोलीत खाटेवर पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसापर्यंत यातला एकही आवाज पोचत नाही. बातम्या, भजन, नात, कव्वाली, पावसाचा अंदाज, सगळे तिच्या दाराबाहेरून जाते. घरभर स्पीकर घालायचेच असतील तर पहिला त्या खोलीत घालावा, आणि त्याचे बटण भिंतीवर उंच न लावता खाटेवरून हात पोचेल असे लावावे. वाडीत कुणाचे मयत झाले की शेजारी आपला रेडिओ बंद करतो, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. ती कुणी कायद्याने घातलेली नाही. कुणाला ऐकवायचे आणि कधी गप्प बसायचे, ते यंत्राला कळत नाही, बटणावरच्या हाताला कळावे लागते.