मी येथे आहे

रात्री अंगणात बाज टाकून पडल्यावर आभाळातून लुकलुकत जाणारा विमानाचा दिवा आपण पाहिला असेल. ते विमान या घडीला नेमके कोठे आहे, हे जमिनीवर बसलेल्या नियंत्रकाला कसे कळते बरे? प्रश्न साधा आहे. पण त्याच्या उत्तरापायी माणसांचे प्राण गेले आहेत.

पूर्वी यासाठी दोनच वाटा होत्या. एक रडारची. परंतु रडारच्या लहरी सरळ जातात. डोंगराआड किंवा दूर समुद्रावर त्यांची नजर पोहोचत नाही. तेथे दुसरी वाट. वैमानिकाने बिनतारी यंत्रावरून सांगायचे, ‘अमुक ठिकाण ओलांडले, पुढच्या ठिकाणी इतक्या वाजता पोहोचेन,’ आणि नियंत्रकाने ते टिपून घ्यायचे. सगळी भिस्त वैमानिकाच्या शब्दावर! आता, वैमानिक काही खोटे बोलत नसे. पण त्याची स्वतःचीच समजूत चुकली तर?

१९८३ साली नेमके तेच घडले. कोरियन एअर लाइन्सचे विमान अलास्कातील अँकरेजहून सेऊलला निघाले. वाटेत बेथेल नावाचे गाव लागते. ‘बेथेल ओलांडले,’ असे वैमानिकांनी कळवले. प्रत्यक्षात विमान तेथून सुमारे २० किलोमीटर उत्तरेला होते. स्वयंचालक यंत्र ठरलेल्या मार्गाऐवजी होकायंत्राच्या एकाच दिशेने विमान नेत होते आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही. पुढे नियंत्रकाशी थेट बोलणे होईना, तेव्हा मागून येणाऱ्या दुसऱ्या विमानाकरवी निरोप गेले. निरोप पोहोचले, पण त्यांतली जागा चुकीचीच राहिली. विमान सोव्हिएत हद्दीत शिरले आणि १ सप्टेंबर रोजी सखालीन बेटाजवळ लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ माणसे गेली.

अमेरिकेच्या लष्कराने १९७३ पासून उपग्रहांवरून जागा ओळखण्याची योजना हाती घेतली होती. तीच जीपीएस. या दुर्घटनेनंतर त्याच महिन्यात, ही योजना पूर्ण झाल्यावर नागरी विमानांनाही विनामूल्य वापरू देऊ, असे अमेरिकेने जाहीर केले. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. निदान चार उपग्रहांचे संदेश किती वेळात पोहोचले, यावरून विमानातील यंत्र आपली जागा काढते.

पण जागा वैमानिकाला कळली म्हणजे नियंत्रकाला कळली, असे थोडेच आहे? ती आपोआप खाली पाठवण्याचा मोठा प्रयोग झाला तो त्याच बेथेलच्या परिसरात! तेथील खेड्यांना रस्ते नाहीत. टपाल, औषधे, माणसे, सारे लहान विमानांनी जाते. खालून उडणारी ही विमाने रडारला दिसत नसत. ढगाळ हवेत एक विमान उतरल्याची खबर येईपर्यंत दुसऱ्याला थांबावे लागे. मग विमानांत अशी यंत्रे बसवली की ती जीपीएसने काढलेली जागा दर सेकंदाला प्रक्षेपित करतील. १ जानेवारी २००१ पासून अँकरेजचे नियंत्रक ही विमाने पडद्यावर पाहू लागले. पुढल्या काही वर्षांत अशी यंत्रे असलेल्या विमानांचे अपघात जवळजवळ निम्म्याने घटले. आज ही पद्धत जगभर पसरली आहे.

मग आता निर्धास्त झोपावे काय? नाही. नीट पाहिले तर हेही विमानाने स्वतःविषयी सांगणेच आहे. फक्त तोंडाऐवजी यंत्राने. अलीकडे युद्धाच्या प्रदेशांत खोटे संदेश सोडून जीपीएसला फसवतात, आणि फसलेले यंत्र तितक्याच खात्रीने चुकीची जागा कळवते. म्हणून रडार मोडीत काढलेले नाही. विमानाने सांगितलेली जागा आणि जमिनीवरून पाहिलेली जागा ताडून पाहणे, हेच नियंत्रकाचे खरे काम.

शिक्षक बंधुभगिनींनी नकाशावर अँकरेज, बेथेल आणि सखालीन मुलांना जरूर दाखवावे. सुरुवातीची २० किलोमीटरची चूक कोणी ताडून पाहिली नाही म्हणजे ती कोठवर जाते, हे त्यांना एका बोटाच्या रेघेने समजेल.