वास्तुविशारदाची कचेरी : लाभ आणि मोल

कोहमारा येथें गोंदियाकडून येणारा रस्ता नागपूर-रायपूर हमरस्त्यास मिळतो. त्या बाजूच्या एखाद्या तरुणास वास्तुकलेचा नाद लागला, तर नागपूर किंवा मुंबईसारखें शहर त्याला बहुधा गांठावें लागतें. आणि तेथें पहिला प्रश्न पुढें येतो तो हा, कीं मोठ्या वास्तुविशारदाच्या कचेरींत नोकरी धरावी, कीं स्वतंत्र व्यवसाय थाटावा? प्रश्न जुनाच आहे. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांच्या चरित्रांत त्याच्या दोन्ही बाजू पाहावयास मिळतात, आणि त्यांची साक्ष मुंबईंत दगडांत उभी आहे.

१८७८ सालीं बोरीबंदर येथें जी. आय. पी. रेल्वेच्या भव्य इमारतीचें काम सुरू झालें. योजना एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची, त्यांच्या हाताखालीं साहाय्यक एंजिनियर वैद्य. काम दहा वर्षें चाललें. अष्टकोनी दगडी घुमटाचा भार कसा तोलावा, पाथरवटांकडून काम कसें घ्यावें, कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचें कोरीव काम जागच्या जागीं कसें बसवावें, हें पुस्तकांत सांपडत नाहीं. एकट्यानें व्यवसाय मांडून बसलेल्या नवशिक्यास असें काम कोण देणार? कचेरींत तें आपोआप हातीं येतें. पगार महिन्याच्या महिन्यास मिळतो, आणि चूक झाल्यास जबाबदारी धन्याच्या शिरावर असते. हा लाभ थोडा नव्हे.

परंतु त्याचें मोल द्यावें लागतें. जो जबाबदारी घेतो, त्याचीच सही नकाशावर होते आणि त्याचेंच नांव इमारतीस चिकटतें. बोरीबंदर म्हटलें कीं स्टीव्हन्स आठवतात. वैद्य आठवत नाहींत. येथील शिक्षणही आरंभीं याच बेतानें योजलेलें होतें. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत १८९६ सालीं वर्ग निघाला तो आरेखकांचा, म्हणजे कचेऱ्यांना नकाशे काढणारे हात पुरविण्याचा. कित्येकांचीं वर्षें जिने आणि खिडक्या रेखाटण्यांतच सरत.

मग स्वतंत्र झाल्यानें नांव राहतें काय? वैद्य यांनीं डी. एन. मिर्झा यांच्यासह ताजमहाल हॉटेलची आखणी केली. काम पुरें होण्यापूर्वींच वैद्य निवर्तले, तें डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनीं तडीस नेलें आणि १९०३ च्या डिसेंबरांत हॉटेल उघडलें. पुढें लोकांत एक दंतकथा पसरली : कोणी विलायती वास्तुविशारद परत येऊन पाहतो तों इमारत उलटी बांधलेली, म्हणून त्यानें जीव दिला! या कथेस आधार नाहीं. पण तींत खऱ्या कर्त्याला जागा उरली नाहीं, ही गोष्ट बोलकी आहे.

१९१७ सालीं मुंबईंत वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनीं संघ स्थापिला. त्यांतूनच पुढें इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ही संस्था झाली. १९७२ च्या कायद्यानें 'आर्किटेक्ट' या पदवीस संरक्षण मिळालें. तरीही साहाय्यकाचें नांव भिंतीवर लिहावें, असें बंधन त्या कायद्यानें कोणावर घातलें नाहीं.

मोठी इमारत एका हातानें उभी राहत नाहीं, हें खरें; म्हणूनच कचेरी हवी. मात्र उमेदवारानें शिरतांनाच दोन गोष्टी विचारून घ्याव्या : संपूर्ण काम पाहावयास मिळेल काय, आणि केलेल्या कामाची नोंद आपल्या नांवें होईल काय? पगार त्यानंतर विचारला तरी चालेल.