पन्हाळ्याची प्रदक्षिणा

पन्हाळा बघायचा म्हटलं की बहुतेक जण गाडीनेच फिरतात. सज्जाकोठी, अंबरखाना, तीन दरवाजा, अंधारबाव... दोन-तीन तासांत गड 'झाला'! मला मात्र इथे कडेकडेने चालायला आवडतं. तटबंदीचा घेर सात किलोमीटरच्या वर. कधी तटाजवळून, कधी गावातल्या बोळांतून गेलं की अर्धा दिवस सहज जातो. कारण पन्हाळा ओसाड किल्ला नाही. वर नांदतं गाव आहे, बाजार आहे, नगरपरिषद आहे. कवी मोरोपंत १७२९ साली जन्मले तेही इथेच.

असं चाललं की वेढा म्हणजे काय, ते पायांना कळतं. १६६० च्या मार्चमध्ये सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. आपण चालतो तो वरचा घेर. त्याला राखायचा होता तो खालचा, याहून कितीतरी मोठा, आणि पुढे तर भर पावसात. राजापूरच्या इंग्रजांनी तोफा आणल्या, त्या गडावर डागल्याही. तरी जुलैतल्या त्या रात्री महाराज निसटले. पुसाटी बुरुजावरून पश्चिमेला मसाईचं पठार दिसतं, विशाळगडाची वाट तिकडूनच जाते. शिवा काशीद आणि बाजीप्रभू यांचे पुतळे गडावर आहेत. ते असायलाच हवेत.

पण माझे पाय थबकतात ते चार दरवाजापाशी. एवढा थोरला दरवाजा, आणि आज उरलेत ते नुसते अवशेष. तो सिद्दीने पाडला नाही, औरंगजेबानेही नाही. पाडला इंग्रजांनी, १८४४ च्या बंडानंतर.

गडकरी म्हणजे पिढ्यान् पिढ्या गड राखणारी माणसं. त्याबद्दल त्यांना जमिनी असत. कोल्हापूर संस्थानात इंग्रजांच्या देखरेखीखाली नवा कारभार आला, जुन्या हक्कांना हात लागला, आणि सामानगडावर ठिणगी पडली. ती पन्हाळ्यापर्यंत पोचली. कर्नल ओव्हान्स नावाचा बडा अधिकारी बंडवाल्यांनी धरला आणि याच गडावर कोंडून ठेवला! डिसेंबरात तोफांनी तट फोडून इंग्रज आत शिरले. गड राखणाऱ्यांचं काम संपलं. दरवाजाही गेला.

आता सांगा, या माणसांपैकी एकाचं तरी नाव तुम्हाला आठवतं? मलाही पटकन सांगता येत नाही. १६६० ची एक रात्र आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो, कारण ती सुटकेची गोष्ट आहे. १८४४ ची गोष्ट पराभवाची, तीही पोटापाण्यासाठी लढलेल्या साध्या माणसांची. अशा गोष्टींचे पोवाडे सहसा होत नाहीत.

जुलै २०२५ मध्ये पन्हाळा इतर अकरा किल्ल्यांसोबत जागतिक वारसा यादीत गेला. आनंदच आहे. पण वारसा म्हणजे नुसते दगड नव्हेत, ते राखत वर राहिलेली माणसंही. पुढच्या वेळी गेलात तर गाडी खाली ठेवा. प्रदक्षिणेत देवळाची मागची बाजूही बघावी लागते. गडाचंही तसंच आहे.