लॅरमी प्रोजेक्ट, द

मुलाखतींवर आधारलेले तीन अंकी अमेरिकन नाटक. न्यूयॉर्कची टेक्टॉनिक थिएटर प्रोजेक्ट ही नाट्यसंस्था आणि तिचे संस्थापक-दिग्दर्शक, मूळचे व्हेनेझुएलाचे मोइझेस काउफमन यांनी ते रचले. पहिला प्रयोग फेब्रुवारी २००० मध्ये डेन्व्हरला झाला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये आणि खुद्द लॅरमीतही.

वायोमिंग राज्यातील लॅरमी हे विद्यापीठाचे छोटे गाव. ऑक्टोबर १९९८ मध्ये मॅथ्यू शेपर्ड या २१ वर्षांच्या समलिंगी विद्यार्थ्याला दोन स्थानिक तरुणांनी गावाबाहेर नेले, कुंपणाला बांधून पिस्तुलाने बेदम मारले आणि थंडीत तसेच टाकून दिले. सुमारे १८ तासांनी सायकलवरून आलेल्या एका मुलाला तो लांबून बुजगावण्यासारखा वाटला. १२ ऑक्टोबरला फोर्ट कॉलिन्सच्या रुग्णालयात शेपर्डचा मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात नाटकमंडळी लॅरमीत पोहोचली. पुढची सुमारे दीड वर्षे ती येत-जात राहिली आणि २०० हून अधिक मुलाखती जमल्या. आठ नट त्यांतली साठाहून अधिक माणसे उभी करतात. मुलाखत घेणारे नटही पात्रे म्हणून रंगमंचावर येतात, त्यामुळे कोणी, कोणाला, काय विचारले हे प्रेक्षकांपासून लपत नाही.

या नाटकात खून दाखवलेला नाही. तो कळतो तो साक्षींतून, आणि नाटकाचे खरे बळ तिथेच आहे. घटनास्थळी पहिल्यांदा पोहोचलेली महिला पोलीस सांगते, की शेपर्डचा चेहरा रक्ताने माखला होता. जिथून अश्रू ओघळले तेवढीच त्वचा स्वच्छ होती. तिच्या हातांना चिरा होत्या, हातमोजे धड नव्हते, तरी तिने त्याला सोडवले. तो एचआयव्हीबाधित असल्याचे तिला नंतर कळले. औषधे घेत तिने काढलेला काळ आणि अखेर निगेटिव्ह आलेली चाचणी हे नाटकातले मोठे उपकथानक आहे. तातडीच्या विभागातला डॉक्टर सांगतो, की त्याच रात्री त्याने मॅथ्यूवर आणि दुसऱ्या मारामारीत जखमी झालेल्या एका हल्लेखोरावरही उपचार केले. दोघांचा संबंध तेव्हा त्याला ठाऊक नव्हता. तिसऱ्या अंकात मुख्य आरोपीचा पोलिसांपुढचा कबुलीजबाब येतो. वैद्यकीय निवेदने, न्यायालयातले जबाब आणि गावगप्पा यांना इथे एकच रंगमंच मिळतो. पण कोणते विधान कोणत्या अधिकाराने केले आहे, याचा घोळ होत नाही. दस्तऐवजी नाटक करू पाहणाऱ्याने शिकावे ते हे.

दोन्ही आरोपींना जन्मठेप झाली. मुख्य आरोपीला फाशी नको, हे शेपर्डच्या वडिलांनी न्यायालयात केलेले निवेदन नाटकात आले आहे. पुत्रशोकाने वाकलेल्या माणसाचा तो निर्णय ऐकताना प्रेक्षागृह स्तब्ध होते.

२००२ मध्ये एचबीओने नाटकावर चित्रपट काढला. खुनानंतर दहा वर्षांनी मंडळी पुन्हा लॅरमीला गेली आणि त्यातून नाटकाचा उत्तरार्ध तयार झाला. हा द्वेषापोटी झालेला खून नव्हे, अमली पदार्थांच्या व्यवहारातून घडलेला प्रकार होता, अशी समजूत दरम्यान गावात पसरली होती. उत्तरार्धात तपास अधिकारी पुराव्यांच्या आधारे ती खोडून काढतात. तुरुंगातल्या दोन्ही गुन्हेगारांच्या आणि शेपर्डच्या आईच्या मुलाखतीही त्यात आहेत. १२ ऑक्टोबर २००९ रोजी अनेक शहरांतील नाट्यगृहांत या उत्तरार्धाचे एकाच दिवशी अभिवाचन झाले.