परराष्ट्रव्यवहारांची बाह्य परीक्षणे

परराष्ट्र खात्याची रचना व खर्च, परदेशांतील वकिलातींचे कार्य किंवा परराष्ट्र धोरणातील एखादा विशिष्ट निर्णय यांची तपासणी करण्यासाठी शासन कधीकधी आपल्या नित्याच्या प्रशासनयंत्रणेबाहेरील व्यक्तींची समिती, आयोग किंवा संशोधनसंस्था नेमते व तिच्याकडून अहवाल मागविते. अशा तपासणीस बाह्य परीक्षण म्हणतात. संसदेच्या समित्यांनी केलेली चौकशी आणि खात्याने स्वतःच केलेली अंतर्गत तपासणी यांहून ते भिन्न असते. यात परीक्षक बाहेरचा असला, तरी त्याची नेमणूक, त्याची कार्यकक्षा व त्याचा खर्च या तिन्ही गोष्टी ज्याचे परीक्षण व्हावयाचे त्या शासनाच्याच हाती असतात. बाह्य परीक्षणाचे सामर्थ्य व त्याच्या मर्यादा यांचा उगम मुख्यतः या विसंगतीत आहे.

अशा परीक्षणांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात : (१) काटकसर व पुनर्रचना यांसाठी केलेली, (२) एखादे युद्ध वा आपत्ती घडून गेल्यावर जबाबदारी ठरविण्यासाठी केलेली आणि (३) परदेशांतील परिस्थितीचा अभ्यास करण्यासाठी विद्यापीठे व संशोधनसंस्था यांच्याकडे सोपविलेली. सदस्यांचे मानधन, सचिवालयातील कर्मचाऱ्यांचे वेतन, प्रवास, तज्ञांचे शुल्क व मुद्रण या त्यांच्या खर्चाच्या प्रमुख बाबी होत. निवेदने तयार करण्यात व साक्षी देण्यात अधिकाऱ्यांचा जो वेळ जातो, त्याचा हिशेब सहसा स्वतंत्रपणे मांडला जात नाही. परराष्ट्र व संरक्षण यांवरील एकूण खर्चाच्या तुलनेत ही रक्कम अल्प असते. तरीही तिच्यावर वाद होतात. कारण वादाचा खरा विषय ती रक्कम नसून मुत्सद्देगिरीचे मोल कोणी व कोणत्या मापाने ठरवावे, हा असतो.

ब्रिटन : या परीक्षणांची सर्वांत दीर्घ व सलग परंपरा ब्रिटनमध्ये आढळते. एकोणिसाव्या शतकात तेथील राजनयिक सेवा उमराव कुटुंबांतील तरुणांची मिरासदारी समजली जाई. जॉन ब्राइट या उदारमतवादी नेत्याने १८५८ मध्ये बर्मिंगहॅम येथील भाषणात देशाचे परराष्ट्र धोरण हे सरदारवर्गाच्या पोटापाण्याची सोय झाले असल्याची टीका केली. १८६१ व १८७० मध्ये कॉमन्स सभागृहाच्या प्रवर समित्यांनी या सेवेची तपासणी केली. त्यानंतर मुलकी सेवेच्या चौकशीसाठी नेमलेल्या मॅक्डॉनेल आयोगाने १९१४ मध्ये परराष्ट्र खाते व राजनयिक सेवा यांचा विचार केला. सेवेत शिरू इच्छिणाऱ्या तरुणाचे वार्षिक खाजगी उत्पन्न निदान ४०० पौंड असावे, असा तोवर दंडक होता. तो रद्द करावा आणि दोन्ही सेवा एकत्र कराव्यात, असे आयोगाने सुचविले. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये या शिफारशी पुष्कळ अंशी अंमलात आल्या. वाणिज्यदूत सेवा मुख्य सेवेत विलीन होण्यास मात्र अँथनी ईडन यांच्या १९४३ च्या सुधारणांची वाट पाहावी लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर साम्राज्य आटत गेले आणि आर्थिक ओढाताण वाढली. त्यामुळे परीक्षणाचा रोख सेवाप्रवेशाकडून खर्चाकडे वळला. परदेशांतील प्रचार व माहितीसेवा यांची तपासणी करण्यासाठी १९५२ मध्ये ड्रॉइडा समिती नेमण्यात आली. या सेवांवरील खर्च आवश्यक असल्याचा निर्वाळा तिने दिला. परंतु शासनाने १९५४ मध्ये तिच्या अहवालाचा केवळ सारांश प्रसिद्ध केला. बीबीसीची परदेशांसाठी असलेली प्रक्षेपणे हा तिच्या विचाराचा एक प्रमुख विषय होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतीय भाषांत सुरू झालेल्या या प्रक्षेपणांत मराठीचाही समावेश होता.

पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांनी जुलै १९६२ मध्ये नेमलेली प्लाउडन समिती ही या परंपरेतील सर्वांत यशस्वी समिती मानली जाते. तिचे अध्यक्ष लॉर्ड प्लाउडन यांनी त्यापूर्वी १९६१ मध्ये सार्वजनिक खर्चाच्या नियंत्रणासंबंधीचा महत्त्वाचा अहवाल दिला होता. त्या वेळी परकीय देश, राष्ट्रकुलातील देश आणि व्यापार यांकरिता तीन वेगवेगळ्या सेवा होत्या. राष्ट्रकुलातील देश स्वतंत्र होऊन स्वतःचे धोरण आखू लागल्यावर ही विभागणी निरर्थक ठरली होती. समितीने फेब्रुवारी १९६४ मध्ये दिलेल्या अहवालात तिन्ही सेवांच्या एकीकरणाची शिफारस केली व त्यानुसार १ जानेवारी १९६५ पासून एकच राजनयिक सेवा अस्तित्वात आली. परराष्ट्र खाते व राष्ट्रकुल खाते यांचे एकीकरण हे समितीने अंतिम उद्दिष्ट म्हणून सांगितले होते. तेही १९६८ मध्ये साध्य झाले. देशाचे लष्करी व आर्थिक बळ जसजसे घटते, तसतसे मुत्सद्देगिरीचे महत्त्व वाढते, हे समितीचे प्रमुख प्रतिपादन होते. साहजिकच काटकसरीपेक्षा पुरेसे मनुष्यबळ व प्रशिक्षण यांवर तिने अधिक भर दिला.

हा विचार फार काळ टिकला नाही. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले आणि जानेवारी १९६८ मध्ये सुएझच्या पूर्वेकडील सैन्य काढून घेण्याचा निर्णय जाहीर झाला. त्याच वर्षी परराष्ट्रमंत्री मायकेल स्ट्यूअर्ट यांनी डंकन समिती नेमली. रिओ टिंटो-झिंक या खाणउद्योगातील कंपनीचे अध्यक्ष सर व्हॅल डंकन हे तिचे अध्यक्ष होते आणि निवृत्त राजदूत सर फ्रँक रॉबर्ट्‌स व अर्थतज्ञ अँड्रू शोनफील्ड हे सदस्य होते. कमी खर्चात परदेशी प्रतिनिधित्व कसे करता येईल, हे पाहण्याचे काम तिच्या कार्यकक्षेतच नमूद केलेले होते. जुलै १९६९ च्या अहवालात समितीने जगाची दोन भागांत विभागणी केली : मुख्यत्वे पश्चिम युरोप व उत्तर अमेरिका यांचे ‘केंद्रीकरणाचे क्षेत्र’ आणि उरलेले ‘बाह्य क्षेत्र’. पहिल्यात सर्वांगपूर्ण वकिलाती असाव्यात, दुसऱ्यात निवडक कामापुरत्या लहान वकिलाती पुरेशा व्हाव्यात आणि निर्यातवाढ हे राजदूतांचे प्रमुख कार्य समजावे, असे तिचे मत होते. पश्चिम आशियातील तेलउत्पादक देश बाह्य क्षेत्रात मोडत होते. ऑक्टोबर १९७३ च्या युद्धानंतर तेलाच्या किंमती सुमारे चौपट झाल्या, तेव्हा या विभागणीतील उणीव टीकाकारांनी निदर्शनास आणली. आजच्या हितसंबंधांवरून उद्याची वकिलात कोठे हवी ते ठरविता येत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

तिसरे मोठे परीक्षण मंत्रिमंडळाच्या केंद्रीय धोरण परीक्षण मंडळाने केले. १९७१ मध्ये स्थापन झालेले हे मंडळ शासनाचाच भाग होते. परंतु परराष्ट्र खात्याच्या दृष्टीने ते पूर्णतः बाहेरचे होते. जेम्स कॅलहॅन परराष्ट्रमंत्री असताना जानेवारी १९७६ मध्ये हे काम त्याच्याकडे आले. सर केनेथ बेरिल हे मंडळाचे प्रमुख असल्याने ऑगस्ट १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल त्यांच्या नावाने ओळखला जातो. खात्याचे काम गरजेपेक्षा अधिक उच्च दर्जाचे होते व त्यामुळे ते महाग पडते, असा त्याचा आक्षेप होता. स्वतंत्र राजनयिक सेवा मुलकी सेवेत विलीन करावी, ब्रिटिश कौन्सिल विसर्जित करून तिची कामे वाटून द्यावीत, बीबीसीची काही परदेशी प्रक्षेपणे थांबवावीत आणि अनेक कचेऱ्या बंद कराव्यात, अशा त्याच्या सूचना होत्या. त्यांवर संसदेत व वृत्तपत्रांत तीव्र टीका झाली. ऑगस्ट १९७८ च्या श्वेतपत्रिकेत शासनाने बहुतेक प्रमुख सूचना नाकारल्या. ज्या खात्याचे परीक्षण झाले, त्याचा विश्वास परीक्षकांनी संपादन केला नव्हता, हे या अपयशाचे एक कारण होय. मुत्सद्देगिरीचे फळ पुष्कळदा न घडलेल्या घटनांत असते, याचा विसर पडला, हे दुसरे कारण होय. टळलेले युद्ध जमाखर्चात दाखविता येत नाही.

याचा प्रत्यय थोड्याच वर्षांत आला. संरक्षणखर्चातील कपातीचा भाग म्हणून ‘एन्ड्युरन्स’ हे जहाज दक्षिण अटलांटिक महासागरातून काढून घेण्याचा निर्णय १९८१ मध्ये झाला. २ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाने फॉक्लंड बेटांवर आक्रमण केले. त्या युद्धात ब्रिटनचे २५५ व अर्जेंटिनाचे ६४९ सैनिक मृत्युमुखी पडले. युद्धानंतर नेमलेल्या फ्रँक्स समितीने सुमारे सहा महिन्यांत काम पुरे केले. जानेवारी १९८३ च्या तिच्या अहवालात आक्रमणाचा दोष शासनाकडे जात नाही, असा निष्कर्ष होता; तथापि जहाज परत बोलाविण्याची घोषणा अनुचित होती, असेही तिने नोंदविले.

इराक युद्धाची चौकशी करणारी चिलकॉट समिती हे जबाबदारी ठरविणाऱ्या परीक्षणाचे सर्वांत विस्तृत उदाहरण होय. २००९ मध्ये नेमलेल्या या समितीचा अहवाल ६ जुलै २०१६ रोजी प्रसिद्ध झाला. त्याचे १२ खंड असून शब्दसंख्या सुमारे २६ लाख आहे. चौकशीचा खर्च एक कोटी पौंडांहून अधिक झाला. या रकमेपेक्षाही सात वर्षांच्या विलंबावर अधिक टीका झाली. ब्रिटनचे पंतप्रधान व अमेरिकेचे अध्यक्ष यांच्यातील टिपणांपैकी कोणता मजकूर प्रसिद्ध करावा, याविषयीच्या वाटाघाटींत त्यांतील पुष्कळ काळ गेला. शांततामय पर्याय संपण्यापूर्वीच युद्धाचा मार्ग पत्करण्यात आला, हा समितीचा निष्कर्ष प्रसिद्ध होईपर्यंत इराकमध्ये मृत्यू पावलेल्या १७९ ब्रिटिशांच्या कुटुंबीयांना वाट पाहावी लागली.

इतर देश : अमेरिकेत परराष्ट्रसेवेच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या रिस्टन समितीच्या (१९५४) शिफारशीनुसार परराष्ट्र खात्यातील अनेक कर्मचारी परराष्ट्रसेवेत सामावून घेण्यात आले. संशोधनसंस्थांकडे सोपविलेल्या अभ्यासांतील धोके ‘कॅमेलॉट प्रकल्पा’मुळे उघड झाले. विकसनशील देशांतील अंतर्गत उठावांची कारणे शोधण्याचा हा प्रकल्प १९६४ मध्ये अमेरिकन भूसेनेने वॉशिंग्टनमधील अमेरिकन विद्यापीठाशी संलग्न संस्थेकडे दिला. त्याचा अंदाजी खर्च ४० ते ६० लाख डॉलर होता. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंग यांनी त्यात भाग घेण्यास नकार दिला. प्रकल्पामागे लष्कराचा पैसा असल्याचे चिलीमध्ये कळताच तेथे संतापाची लाट उसळली. अखेर जुलै १९६५ मध्ये तो रद्द झाला. परदेशांविषयीच्या शासकीय संशोधनास यापुढे परराष्ट्रमंत्र्यांची संमती असावी, असा आदेश अध्यक्ष जॉन्सन यांनी पुढच्याच महिन्यात काढला. ज्या देशाचा अभ्यास करावयाचा, तेथील विद्वानांचा विश्वास गमावण्याची किंमत मात्र या अंदाजपत्रकात धरलेली नव्हती.

नेदर्लंड्समध्ये याउलट घडले. जुलै १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वतीने डच सैनिक तैनात असलेले बॉस्नियातील स्रेब्रेनित्सा पडले आणि सात हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुष व मुले यांची हत्या झाली. शासनाने १९९६ मध्ये युद्धविषयक संशोधन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे त्याचे परीक्षण सोपविले. १० एप्रिल २००२ रोजी अहवाल प्रसिद्ध झाला आणि सहा दिवसांनी पंतप्रधान विम कोक यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

भारत : भारतीय परराष्ट्रसेवेची स्थापना १९४६ मध्ये झाली. १९६२ चे चीनशी युद्ध व १९६४ मध्ये जवाहरलाल नेहरू यांचे निधन या घटनांनंतर तिच्या फेरविचाराची निकड भासली. खात्याचे माजी महासचिव एन्‌. आर्‌. पिल्ले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ मध्ये सेवेची रचना, भरती, प्रशिक्षण व सेवाशर्ती यांसंबंधी अहवाल दिला. अध्यक्ष स्वतः याच खात्यातून आलेले असल्याने त्यांना कामाची बारकाईने माहिती होती. परंतु परीक्षणाचे बाह्यत्व त्यामुळे मर्यादित राहिले. परदेशस्थ भारतीयांविषयी २००० मध्ये नेमलेल्या लक्ष्मीमल सिंघवी समितीने २००२ मध्ये अहवाल सादर केला. त्यानुसार ९ जानेवारी २००३ पासून प्रवासी भारतीय दिवस साजरा होऊ लागला. महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेतून १९१५ मध्ये याच दिवशी मुंबईस परतले होते. २०१६ मध्ये संसदेच्या परराष्ट्रव्यवहारविषयक स्थायी समितीने परराष्ट्रसेवेतील भरती व प्रशिक्षण यांची तपासणी केली.

मूल्यमापन : परीक्षणावरील खर्च आणि त्याची उपयुक्तता यांचे प्रमाण सरळ नाही. प्लाउडन समितीने व्यवहार्य बदल सुचविला व तो घडला. बेरिल अहवालाने मुळावर घाव घातला व तो बाजूला पडला. कार्यकक्षा ठरवितानाच काटकसर हे उत्तर गृहीत धरले असेल, तर परीक्षक स्वतंत्र असूनही त्याचा निष्कर्ष स्वतंत्र राहत नाही. खात्यातील माणसांना काम कळते, पण दोष दिसत नाहीत. बाहेरच्यांना दोष दिसतात, पण कामाचे मोल सहजी उमगत नाही. म्हणून दोहोंचे मिश्रण असलेल्या समित्या अधिक फलदायी ठरतात. अहवालाची मुदत आधी ठरविणे, तो शक्य तितका संपूर्ण प्रसिद्ध करणे आणि नाकारलेल्या शिफारशींची कारणे संसदेपुढे मांडणे या तीन गोष्टी पाळल्या गेल्या, तर परीक्षणावरील खर्च सार्थकी लागतो. त्या न पाळल्यास परीक्षण हे निर्णय लांबविण्याचे साधन बनते आणि त्याचा भार करदात्यांबरोबरच युद्धात आप्तेष्ट गमावलेल्यांनाही सोसावा लागतो.